दार किती ठोकळ्यांचं

"बाई, सिस्टर गेल्या," शेजारची मंदा फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, "कुठं गेल्या?"

चिखलीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते मी. पलीकडे मंदा गप्प. त्या गप्प राहण्यातून मला कळलं. पण माझा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. शोभा गवई कायम कुठं ना कुठं गेलेलीच असायची. मी अमडापूरच्या शाळेत शिक्षिका, ती तिथंच नर्स. तीस वर्षं खांद्याला पिशवी लावून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं, लसी, गोळ्या... बस मिळाली तर बस, नाही तर बैलगाडी, नाही तर पाय. घरं आमची पाठीला पाठ लावून. ती मला 'बाई' म्हणायची, मी तिला 'सिस्टर'. अहोजाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. लिहिताना मात्र 'ती' असंच येतंय, तर येऊ दे.

ती मूळची वडनेर भोलजीची. इतकी वर्षं इकडं काढली तरी तिचं 'मले' आणि 'तुले' जरासुद्धा ढळलं नाही. निवृत्त झाली आणि घरात बसायची वेळ आली, तेव्हा खरी पंचाईत झाली. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. सकाळी डबे घासायची, दुपारी तेच डबे दुसऱ्या फळीवर लावायची, संध्याकाळी परत पहिल्या फळीवर. शिवणयंत्र घेतलं, चार झबली शिवली, चारही उसवली. बोलता बोलता मध्येच उठून दारापर्यंत जाऊन यायची, जसं काही कोणी बोलावणं घेऊन येणार आहे. "मले हाताले काही तरी पाहिजे बाई," म्हणायची. "हे रिकामे हात मले खाऊन राह्यले."

मग एकदा पुण्याहून येताना तिनं एक गोणपाटाची पिशवी आणली. आत प्लास्टिकचे ठोकळे. वर बारीक गोल बटणं असलेले, एकात एक घट्ट बसणारे. नात दहावीला गेली, तिचे जुने ठोकळे सून भंगारात देत होती, हिनं मागून घेतले. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ही साठी उलटलेली बाई जमिनीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाल-पिवळ्या ठोकळ्यांच्या ढिगाऱ्यात.

"काय हे सिस्टर, आता खेळणी?"

"हाव. काऊन, आपुन खेळू नाही का?"

मी हसले. आठ दिवसांत हसणं थांबलं. तिनं जे बांधलं होतं ते मला ओळखू आलं. गावाबाहेरच्या मळ्यातलं घर होतं ते. दोन खोल्या, मागं गोठा, पुढं हौद. "इथं जुळे झाले," ती बोट ठेवून म्हणाली. "पोरींची जोडी. मी पायानं गेलती अन् ट्रॅक्टरवर वापस आलती." त्यानंतर तिनं एकामागून एक घरं बांधली, ज्या ज्या घरात तिच्या हातावर मूल आलं ती. चूल कुठं, पाण्याचा रांजण कुठं, उजेड कुठल्या झरोक्यातून यायचा, सगळं तिला पाठ. बाजा तर अशा करायची की पाहत राहावं. चार बारीक ठोकळ्यांचे पाय, सपाट पट्ट्यांची चौकट आणि मध्ये सुंभाऐवजी जाड शिवणदोरा ताणून विणलेला. छत मात्र एकाही घराला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "छत घातलं तं आत काय झालं ते दिसन कसं?"

मुलगा आधी चिडला. लोक काय म्हणतील, डोकं फिरलं म्हणतील. पण फोनवर ती त्याला ऐकवायची, "तू तिकडं मोबाईलमध्ये गाड्या पळवतं, ते चालते, अन् मायनं घर बांधलं तं चालत नाही?" शेवटी तोच दर खेपेला नव्या ठोकळ्यांचे डबे आणू लागला. तपकिरी रंग जास्त सांगायची ती, मातीच्या भिंतींसाठी. बाया बघायला यायच्या. एक तर भांडलीच, की आमची चूल या कोपऱ्यात नव्हती, त्या कोपऱ्यात होती. सिस्टरनं तिच्यासमोर भिंत उचकटली, चूल हलवली, "आता?" म्हणाली. ती बाई खुशीत परत गेली.

या सगळ्यात एक घर मात्र असं होतं की ते कधी पूर्णच व्हायचं नाही. घरं मांडलेल्या टेबलाच्या अगदी कडेला असायचं. आज बांधलेलं, उद्या मोडलेलं. एकच खोली, एकच दार. कधी दार चार बटणांचं, कधी पाच. आत बाज. ती बाज उचलायची, दारातून काढून पाहायची, अडकली की तिरपी करायची, मग आडवी, मग पुन्हा भिंत मोडायची. मी काही विचारलं तर उठून चहा ठेवायला जायची. तिच्या बोटांची ती घालमेल पाहून मलाच बसवेना.

एका दुपारी ती आपणहून बोलली. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाडीत, नाव मुद्दाम लिहीत नाही, बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. आणि मग बाईचं रक्त थांबेना. जीप सांगितली, जीप आलीही, पण गल्ली अरुंद म्हणून सडकेवरच थांबली. बाजेसकट उचलून न्यायचं ठरलं आणि बाज दारात अडकली.

"मीच म्हटलं, राहू द्या, निंगत नाही. तिले चादरीवर घ्या. मंग चादर शोधा, मानसं बोलवा... तिचा जीव रस्त्यातच गेला बाई." तिनं हातातला ठोकळा टेबलावर ठेवला, परत उचलला. "खरंच निंगत नव्हती का ती बाज? का मीच घाई केली? थोडी तिरपी केली असती तं निंगाली असती का? मले ते दार आठवत नाही. सगळ्यांची दारं आठवतात, तेच एक आठवत नाही."

मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जे करता येईल ते केलं." असं म्हणणं किती सोपं असतं. तिनं परत भिंत मोडायला घेतली.

चार दिवसांनी ती सकाळीच तयार होऊन माझ्या दारात. "चला. पाहूनच येऊ." आम्ही रिक्षा केली. वाटेत तिनं सांगितलं की त्या मुलीला, वैशालीला, लसी तिनंच दिल्या. पण शाळेच्या ओट्यावर बोलावून. त्या घरात ती पुन्हा पाऊल टाकू शकली नव्हती. रिक्षात तिचा पाय एकसारखा हलत होता. पर्समध्ये शिवणकामाची टेप होती.

पुढं सिमेंटचं नवं घर झालं होतं. जुनी मातीची खोली मागं तशीच, गुरांचं कुटार, भुसा भरायला ठेवलेली. वैशाली माहेरी आलेली होती, तिनं ओळखलं, पाया पडली. तिचे वडील बाहेर खाटेवर बसले होते. सिस्टर पाणीही न पिता सरळ मागं गेली आणि दाराला टेप लावू लागली. एकदा मापलं, दोनदा मापलं. म्हातारा काठी टेकत आला.

"काय मोजून राह्यल्या सिस्टर?"

"दार," ती वळली नाही. "हे तं लय मोठं आहे. याच्यातून बाज आरामात निंगते. सरळच निंगते..." मी तिचा दंड धरला.

म्हाताऱ्यानं चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे दार तवाचं नाही. तवाची चौकट मी काढून टाकली. तेराव्याच्या आधीच. कुऱ्हाडीनं फोडली, चुलीत घातली. अन् भिंत पाडून हे मोठं बसवलं." त्यानं उंबऱ्यावर काठी टेकवली. "लोक म्हनत, आता काय कामाचं? मी म्हनलं, असू द्या."

वैशाली आमच्या मागं उभी होती. तिला हे ठाऊक नसावं, कारण ती बापाकडं पाहतच राहिली. सिस्टरनं टेप गुंडाळली. तिला ती गुंडाळता येईना, सारखी सुटत होती. म्हातारा हळूच म्हणाला, "तुमी बी मोजत होत्या का?" तिनं फक्त मान हलवली. मग दोघं त्या उंबऱ्यावर बसली, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि वैशालीनं तिथंच चहा आणून दिला.

मला वाटलं, आता हिला शांत वाटेल. पण परतताना ती चिडलेली होती. "मले माप पाहिजे होतं बाई. त्यानं तं चौकटच जाळून टाकली. आता मी काय करू?" मी म्हणाले, सोडून द्या आता. पुढं आठ-दहा दिवस ठोकळ्यांना हात लावला नाही, पण स्वस्थही बसली नाही. सारखी मागच्या अंगणातून फेऱ्या मारायची. मी तेवढ्यात लेकीकडे अकोल्याला गेले. तिथं एकदा तिचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दार बसलं बाई." माझ्या मनात तिच्या न्हाणीघराचं दार, जे पावसात फुगलं होतं. मी म्हणाले, बरं झालं. एवढंच. आजही ते आठवलं की मी बसल्या जागेवरून उठते.

मी परत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि मंदा पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. मी बाजारात मेथी घेत होते.

जलदानविधीच्या दिवशी घर भरलेलं होतं. वंदना झाली, भोजन झालं. गर्दी पांगल्यावर वैशाली माझ्याजवळ आली. एकटीच आली होती, वडिलांना प्रवास झेपत नाही म्हणाली. "बाई, त्या दिवशी चहा घेताना त्या सांगत होत्या, ती ठोकळ्यांची घरं मले पाह्यची आहेत."

आतल्या खोलीत कोणी काही हलवलं नव्हतं. भिंतीलगतच्या टेबलावर घरं ओळीनं मांडलेली. "माहं कोणतं?" तिनं विचारलं. मी कडेचं दाखवलं. ते आता पुरं झालेलं होतं. दार इतकं रुंद की त्या बाजूची भिंत नावालाच उरली होती. आत चूल, रांजण, कोनाड्यात दिवा. मी बाज शोधत होते. बाज आत नव्हती. मला वाटलं, करायची राहून गेली असेल.

वैशाली गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे टेबलाच्या बरोबरीला आले. "बाई," ती म्हणाली, "बाज बाहेर आहे."

दारापुढं, अंगणात, चारही पाय नीट टेकवून ठेवलेली. मोकळ्या जागेत. मी इतक्यांदा त्या टेबलापाशी उभी राहिले होते त्या दिवसांत, मला दिसली नव्हती.

वैशालीनं ती तळहातावर घेतली. एका कोपऱ्यात विणीचा दोरा सैल होऊन सुटला होता. तिनं तो नखांनी ओढून ताणला, गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं. आणि बाज होती तिथंच, अंगणात, परत ठेवली.