आबांची लाईन

आबांची मोसंबीची बाग वाळत होती तेव्हा मी रोज तिच्या बांधावरून जायचे. आमच्या वस्तीवरून ग्रामपंचायतीला जायला नाल्यातून सरळ पायवाट आहे. ती सोडून मी मुद्दाम लांबचा रस्ता धरायचे, वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन. आधी पानं वळली, मंग पिवळी पडली, मंग लिंबाएवढी फळं झाडाखाली गळायला लागली. मी थांबून बघायचे. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

बाईमाणसाच्या मनात एवढं विष नसावं, असं गाव म्हणतं. पण ते मी माहेराहून आणलेलं न्हाई. कुठं मिळालं ते सांगते.

आमचं गाव जालन्याकडच्या आष्टीच्या बाजूचं. नाल्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला आमची वस्ती. गावात काळ्या जमिनीचे मालक, वस्तीत आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेले. आता थोडं कोरडवाहू, थोडी मजुरी, थोडी मेंढरं. गावात टाकी आहे, गल्लोगल्ली नळ आहेत. वस्तीत नळ नव्हता. उन्हाळा लागला की आमच्या बायका नाला उतरायच्या, चढायच्या, पलीकडच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. सरपंचपद राखीव सुटलं, वस्तीत बारावी झालेली सून मी एकटीच, म्हणून मला उभं केलं अन् मी निवडून आले. गुलाल अंगावर होता तोवरच आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "आता नळ येईल नं गं?"

"येईल की," मी म्हणलं. किती सहज म्हणलं.

माझ्याआधी आबा सरपंच होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील. आबा ग्रामसभेला तास तासभर उशिरा यायचे अन् गाव मुकाट्यानं थांबायचं. ग्रामसेवकाला सगळ्यांदेखत आईवरून शिवी द्यायचे, लोक म्हणायचे, आबांचा दरारा आहे. मी एकदा, फक्त एकदा, त्याच ग्रामसेवकाला जरा आवाज चढवून विचारलं की बाबा, एका सहीला एवढे दिवस का लागतात. दिवे लागायच्या आत गावभर झालं की बाईला खुर्ची चढली. आबांनी मोठी चारचाकी घेतली तेव्हा गावानं पेढे खाल्ले. आमच्या ह्यांनी मेंढरं विकून जुनीपानी मोटारसायकल आणली तर तालुक्याला अर्ज गेला, सरपंचाच्या नवऱ्याकडं पैसा आला कुठून. आबा बैठकीत गप्प बसले की विचारी माणूस. मी गप्प बसले की तिला काय कळतंय. रडले असते तर बाईच ती, रडणारच. न्हाई रडले तर दगड आहे नुसती.

मी काय करावं? मी सांभाळून राहायला लागले. माहेरहून आलेली साडी पेटीतच ठेवली. सभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. कुणी काही टोचून बोललं की हसायचे. दात दुखेपर्यंत हसले मी त्या काळात.

आता आबांच्या लाईनीचं सांगते. गावच्या टाकीवरून एक पाईप जमिनीखालून निघायचा, ग्रामपंचायतीसमोरचा रस्ता ओलांडायचा अन् थेट आबांच्या मोसंबीच्या बागेत जायचा. त्यांच्याच कारकिर्दीत टाकलेला, पाईपबी गावच्या पैशातून आलेले. हे चोरून नव्हतं बरं का. शेंबड्या पोरालाबी माहीत होतं. पण त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. त्याला नावच पडलं होतं, आबांची लाईन. गावात नळाला दिवसाआड पाणी, अन् मोसंबीला रोज.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी वस्तीच्या नळाचा विषय ठेवला. कागद तयार होते, तालुक्याचा साहेब हो म्हणला होता. आबा उठले. धोतराचा सोगा हातात धरून ते फार गोड बोलतात.

"बाई, तुमच्याविषयी मला काहीच म्हणायचं न्हाई," ते म्हणले. "पण सरपंचानं पाणी आधी स्वतःच्या दारात न्यायचं, हे बराबर दिसत न्हाई. लोक काय म्हणतील?" मंग गावाकडं वळले. "अन् हे मी ह्या बाईंसाठी बोलत न्हाई हां. आज ह्या हायेत, उद्या कुणीबी राहील. ज्यानं सरपंचकी केली, मंग तो आजी असो का माजी, त्याच्या घराला, वस्तीला, शेताला गावच्या टाकीवरून जादा लाईन न्हाई. नियम म्हणजे सगळ्यांला नियम."

टाळ्या पडल्या. हात वर झाले. मी वाट बघत होते की आता कुणीतरी हसेल. सभा रस्त्यावरच भरली होती, सतरंजीच्या खाली आबांची लाईन वाहून राह्यली होती. कुणी हसलं न्हाई. आबा ढोंग करत होते असंबी न्हाई. त्यांना खरंच आठवलं नव्हतं. नियम हा शब्द काढला की त्या माणसाच्या डोळ्यापुढं दुसरेच लोक येतात, स्वतः कधी येत न्हाई. मला तिथंच उठून बोलता आलं असतं. पण बोलले असते तर बाई भांडकुदळ आहे म्हणले असते. मी हसले अन् ग्रामसेवकाला म्हणलं, लिहून घ्या, आबांच्याच शब्दात घ्या.

चैत्रात आत्याबाई नाल्याच्या चढावर पडल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर. वस्तीतल्या बायका ओरडत आल्या तेव्हा मी पंचायतीत पाणीटंचाईच्या बैठकीत बसले होते, बघा आता. खुब्याचं हाड मोडलं होतं. जालन्याला नेलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणले, पहिल्यासारखं चालणं होणार न्हाई. आत्याबाई शुद्धीवर आल्या अन् माझ्याकडं बघून म्हणल्या, "तू सरपंच हाईस नं गं? मंग मी पानी आनाया कशाला गेल्ते?"

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

माझी लेक जालन्यातच नर्सिंगला आहे. ती रोज दवाखान्यात येऊन बसायची. एका दुपारी तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक काळी बाई, कुठल्या तरी शहराची पुढारी, भर सभेत उभी होती अन् लोक तिला एकामागून एक प्रश्न विचारत होते. लेक मला समजावून सांगत होती. "आई, हिच्याआधी गोरा माणूस होता. तो टेबलावर मुठी आपटायचा तर लोक त्याला खंबीर म्हणायचे. हिनं नुसता आवाज चढवला तर म्हणतात, ही रागीट हाय, हिच्या हातात शहर कसं द्यायचं. त्याला कुणी हिशोब विचारला न्हाई, हिला जेवणाचा खर्चा विचारून राह्यलेत."

ती बाई मात्र हसून उत्तरं देत होती. एकेकाला, न थकता.

"ही हसती कशाला?" मी विचारलं.

"न्हाई हसली तर अजून बोलतील नं."

मला तिची माया आली, खरं सांगते, पार सख्ख्या बहिणीसारखी. अन् रागबी आला. त्या बाईच्या गालात ते हसू कुठं दुखत असेल ते मला नेमकं माहीत होतं. मी मोबाईल पालथा ठेवला अन् ठरवलं की आता बस.

त्यात गावाकडून बोलणं कानावर आलंच. स्वतःच्या सासूला पाणी देता येईना ती गावाला काय देणार. बोलणारे कोण, तर सव्वीस जानेवारीला हात वर करणारे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

एक मेची ग्रामसभा आली. मी पेटीतली साडी काढून नेसले. वेळ झाली तशी सभा सुरू केली, आबा यायची वाट बघितली न्हाई. ग्रामसेवकाला म्हणलं, मागचा ठराव वाचा. त्यानं वाचला. आजी असो का माजी, घराला, वस्तीला, शेताला. तोवर आबा आलेच होते, खुर्चीत बसून पान लावत होते.

"ठराव आबांचा आहे," मी म्हणलं. "गावानं हात वर केलेत. आपण सगळे मिळून तो पाळू."

मी पदर खोचला अन् टिकाव मागवला. पाणी सोडणारा माणूस आबांच्या तोंडाकडं बघून राह्यला. त्याची नोकरी आबांनीच लावलेली. मंग मीच टिकाव घेतला. मेंढरांचा वाडा घालायला खड्डे खणलेले हात आहेत हे, रस्ता फार कठीण गेला न्हाई. पाईप दिसल्यावर तो माणूस लाजून खाली उतरला, त्यानं पाईप कापला अन् टाकीकडच्या तोंडाला बूच बसवलं.

"बाई," आबा म्हणले, "झाडं मरतील. आठ वर्षाची झाडं हायेत."

"नियमात काही बसत असंल तर बघू आबा," मी म्हणलं.

त्या दिवसापासून मी सूडबुद्धीची झाले. आमचे हे सुद्धा म्हणले, झाडांचा काय दोष. बिलकुल दोष न्हाई झाडांचा. आत्याबाईंच्या खुब्याचा काय दोष होता? आबांचं बोअर आटलेलं, टँकर किती पुरणार एवढ्या बागेला. मी रोज बांधावरून जायला लागले ते तेव्हापासून.

मे संपायला आला तसे आबा वस्तीवर आले. नाला ओलांडून, पायी. मतं मागायलासुद्धा हा माणूस कधी नाल्याच्या अलीकडं आला नव्हता, निरोप धाडायचा. आत्याबाई दारातल्या खाटेवर पडलेल्या होत्या. त्यांनी आबांना बघून डोक्यावरून पदर घेतला अन् मला म्हणल्या, "पानी दे गं त्यायला." मी तांब्या दिला. विहिरीचं पाणी, नाल्यातून चढवून आणलेलं. आबांनी तांब्या रिकामा केला.

"अर्धी बाग अजून जिती हाय," ते म्हणले. "लाईन जोडून द्या, बाई. तुमच्या नळाला माझी ना न्हाई."

"ठराव तुमचा आहे आबा. तो मोडायला तुम्हालाच उठावं लागंल. सगळ्या गावासमोर."

"मी उठतो. तुम्ही सभा लावा, जल्दी."

मी तातडीची ग्रामसभा लावली. आबा त्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसले होते. उठून उभे राह्यले, हात जोडले अन् म्हणले की सरपंच बाईंच्या वस्तीला पिण्याचं पाणी मिळालं पाहिजे, तिथं नियम आडवा येऊ नये, मागं माझं बोलणं चुकलं. आबांच्या तोंडून चुकलं हा शब्द गावानं पहिल्यांदा ऐकला. हात वर झाले, सगळे. ग्रामसेवकानं लिहून घेतलं, पिण्याचं पाणी, वस्ती. शेत हा शब्द त्यात कुणी म्हणला नव्हता. आबा बसले अन् माझ्याकडं बघायला लागले. आता मी त्यांच्या लाईनीचा विषय काढणार होते, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना तसा शब्द दिला नव्हता, पण त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

"सभा संपली," मी म्हणलं.

आमचे हे म्हणले, हे बराबर झालं न्हाई. नसंल झालं. बागेकडं जाणारे पाईप गावचे होते, ते उकरून काढले अन् नाल्यावरून वस्तीला टाकले. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा वस्तीतल्या सगळ्या बायका धावल्या. आत्याबाई खाटेवरून आवाज ऐकत होत्या. त्यांना उठता आलं न्हाई, अजून येत न्हाई. गाव मला आजबी सुडाची बाई म्हणतं. म्हणू दे. मी काहीच केलं नव्हतं तेव्हाबी नावं ठेवतच होतं, आता निदान केलेल्याला तरी ठेवतंय.

दिवाळीनंतर आबांनी जेसीबी लावून बाग काढली. त्यांचा गडी ट्रॅक्टरभर लाकूड घेऊन वस्तीवर आला, जळणाला कुणाला पाहिजे का विचारत. सगळं मीच ठेवून घेतलं. सध्या थंडी आहे. रोज सकाळी मी चूल पेटवते, नळाचं पाणी तापवते अन् आत्याबाईंना खाटेवरच अंघोळ घालते. मोसंबीचं लाकूड चांगलं जळतं.