पाच मिनिटांचा धवला

माइक हातात आला की ती आधी विचारायची, “नवरी कोन हाय?”

अंधेरीतल्या एका कॅफेत रविवारी चार ते सहा ओपन माइक असतो. अशा ठिकाणी तुम्ही गेला असाल, तर नियम ठाऊक असेल. प्रत्येकाला पाच मिनिटं. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, पाचवं संपलं की आवाज बंद. उपनगरांतल्या कार्यक्रमांवर सदर लिहीत असताना मी तिथे नेमाने जायचो. ती पाच रविवार आली. त्यानंतर आली नाही.

ती मनोरीची. साठी ओलांडलेली. आठवड्यातून तीन सकाळी अंधेरीच्या सोसायट्यांमध्ये मासे घेऊन यायची. कार्यक्रम चालवणारी तरुणी तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची लेक. गावात मात्र तिची ओळख वेगळी होती. ती धवलारीण होती. लग्नविधींची गाणी म्हणायला जिला मानाने बोलावतात ती धवलारीण, आणि तिचं गाणं तो धवला. देव, आईबाप, मामा, आत्या, काका, आणि सर्वांत शेवटी घरातली गेलेली माणसं, अशा एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. सुरू केलेला धवला मध्येच तुटला तर तो नवरीला बाधतो, असं ती मानायची.

तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. बोरिवलीचा हॉल, सगळं इव्हेंटवाल्याकडे. त्याने दिलेल्या कागदावर एक ओळ होती: आजींचं गाणं, पाच मिनिटं. पुढची ओळ डीजेची. मुलाने तिला बजावलं होतं, “आये, पाच मिनिटं झाली की तो माइक बंद करनार. मग मना बोलू नको.” म्हणून, जिथे पाच मिनिटांनी माइक बंद करतात अशा जागी ती सवय करायला आली.

पण नावांशिवाय धवला म्हणता येत नाही, आणि नातीच्या घरची नावं मांडवाच्या आधी घ्यायची नाहीत. म्हणून नावं उसनी घ्यायची. पहिल्या रविवारी दुसऱ्या रांगेतल्या गिटारवालीने हात वर केला.

“लगीन ठरलाय?”

“नाही मावशी.”

“मंग हात कशाला वर केलास?” लोक हसले. “बरं, ठरंल. मामाचा नाव सांग.”

मामा झाला. आत्यापाशी मुलगी अडली. “आत्याशी आमचं बोलणं नाही.”

“गान्यात बोलवाया काय जातंय? सांग.”

या चौकशीतच दीड मिनिट गेलं. गाणं काकांपर्यंत पोचलं तेव्हा टॉर्च लागला. तिने गाणं थांबवलं, डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, “कोनाचा काय हरवलाय गो तिकडे?”

तरुणीने त्या दिवशी माइक बंद केला नाही. गाणं अकरा मिनिटं चाललं. खाली उतरल्यावर ती तरुणीवरच चिडली. “बंद का नाय केलास? तो इव्हेंटवाला काय माजा भाचा हाय?”

दुसऱ्या रविवारी ती भरभर गायली. लोकांनी ठेका धरला, टाळ्या वाजवल्या. तिने हाताने गप्प केलं. “ह्यो नाचाचा नाय.” पुन्हा संथ गाऊ लागली, आणि पाचव्या मिनिटाला आवाज गेला. ती माइकशिवाय पुढे गात राहिली, शेवटपर्यंत. पुन्हा गिटारवालीच्याच नावाने सुरू केलेला धवला अर्धा टाकायला ती तयार नव्हती.

तिसऱ्या रविवारी देवांची कडवी एकत्र केली. साडेसात मिनिटं. चहा घेताना तरुणीने सुचवलं, “मावशी, सगळ्या नातेवाइकांना एकाच ओळीत घ्या ना. ‘समस्त पाहुणे मंडळी’ असं काहीतरी.”

“पत्रिका हाय काय ती?”

“मग एखाद्याला वगळा.”

“कोनाला? मामाला काढला तर मामा पंगतीला बसनार नाय. आत्याला काढली तर ती बारशाला येनार नाय. आनी मोठी काकी? ती तर हॉलमधनंच उठून जाईल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी पेपरवाले. तुमी कसा काय कापता?”

मी म्हटलं, आम्ही खालून कापतो. शेवटचा परिच्छेद आधी जातो.

चौथ्या रविवारी सहा मिनिटं लागली. पाचव्या रविवारी गाणं टॉर्च लागल्यानंतर पाऊण मिनिटात संपलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तरुणीने विचारलं, “कोणाला काढलंत शेवटी?”

“आमच्या घरच्याला,” ती म्हणाली. नवरीचा आजा, म्हणजे नातीच्या लग्नात तिचा स्वतःचा नवरा. होडीवर गेला होता, परत आला नाही. गेलेल्यांमधली बाकीची कडवी आधीच कापून झाली होती, त्याचं एकट्याचं उरलं होतं. “तो काय रागावून उठून जानार नाय.”

लग्न दुपारचं होतं. तरुणीला आणि मला आमंत्रण होतं. आजी हिरवं लुगडं नेसली होती. एका हातात माइक, आणि डोळे डीजेच्या टेबलावर. त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे नवरी मुठीत तांदूळ घेऊन उभी राहते आणि प्रत्येक नावाला चार दाणे समोरच्या ताटात टाकते. देव झाले. मामाने आपलं नाव ऐकून फेटा नीट केला. मोठ्या काकीने आजूबाजूला पाहिलं. चार मिनिटं पन्नास सेकंदांनी धवला संपला. मी घड्याळ लावलं होतं. डीजेने अंगठा वर केला आणि गाणं सुरू केलं.

पाहुणे नाचायला उठले. नवरी जागची हलली नाही. तिला क्रम पाठ होता. ती मूठ मिटून, मान खाली घालून ताटासमोर उभी होती, आजीच्या तोंडून पुढचं नाव येण्याची वाट पाहत.

आजीने माइक इव्हेंटवाल्याच्या हातात दिला. नातीजवळ गेली, तिची बोटं एकेक करून उघडली. उरलेले तांदूळ स्वतःच्या पदरात घेतले आणि पदराला गाठ मारली.