पावणेतीन तोळ्यांची गोळी

तारीख १६ जानेवारी १९५८, संक्रांतीच्या करीचा दुसरा दिवस. रक्कम तीनशे रुपये. जागा मारुतीच्या देवळापुढचा पार. हजर माणसं अशी : गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे, दोन पंच, माझे थोरले चुलत भाऊ, नाल्यापलीकडचा शेतकरी ज्याचा बैल आदल्या दिवशी मेला होता, हाक्याला, म्हणजे रानातून डुकरं हाकून काढायला, आलेले दहा गडी, आणि मी.

या बैठकीबद्दल गावात अजून असं सांगतात की मी पंचवीस रुपयांसाठी भावाशी वाकडं घेतलं. सांगणारे बहुतेक तेव्हा पारावर नव्हते. मी होतो.

आमच्याकडं शिकारीचा हिशेब जुना आहे. डुक्कर पडलं की डोकं मारणाऱ्याचं. बाकीच्या मांसाचे हाक्यातल्या सगळ्यांना सारखे वाटे, मग तो बंदूकवाला असो की नुसता डबा वाजवणारा. आणि हाक्यात कुणाचं पीक तुडवलं, कुत्रं फाडलं गेलं, कुणाचा पाय मोडला, तर तो खर्चही त्याच वाट्यांवर बसायचा. ज्याचा वाटा त्याचा तोटा. हा रिवाज मला मान्य होता, आजही आहे. हाक्यात फाटलेल्या कुत्र्यांचे पैसे मी न बोलता दिलेले आहेत.

दादांनी, म्हणजे त्याच चुलत भावांनी, एक दुनळी रायफल घेतली होती. चारशे पन्नास बोअरची. जहागिऱ्या गेल्यावर हैदराबादकडची बरीच घरं चीजवस्तू विकत होती, तशाच एका घरून ती आली. मूळ मालकानं ती गव्यासाठी आणि वाघासाठी घेतलेली. आमच्या शिवारात गवा कुणी चित्रातही पाहिलेला नव्हता. इथं ससे, हरणं, डुकरं. मी एक गोळी मागून घेतली आणि सोनाराच्या काट्यावर ठेवली. पावणेतीन तोळे भरली. मणभर वजनाच्या काळविटासाठी पावणेतीन तोळे शिसं. दादांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू बायकोचं डोरलं तोलत जा. बंदुकीचं मला कळतंय."

माझी बंदूक एकनळी, बारा बोअरची. तिच्या जाड छऱ्यानं चाळीस पावलांवरचं डुक्कर बसतं आणि त्याच्या बरंच पुढं गेल्यावर छऱ्यात जोर राहत नाही. दादा तिला फुंकणी म्हणत. त्यांचं म्हणणं असं की हलकी बंदूक जनावर जखमी करून सोडते, आणि जखमी डुक्कर माणसाला फाडतं. हे खोटं नाही. माझ्याच हातून एक डुक्कर असं सुटलं होतं आणि त्यानं आमची कुत्री उभी चिरली. पण त्यावर उपाय जवळ जाऊन मारण्याचा आहे. जवळ जायला छाती लागते, लांबून मारायला पैसा लागतो. हेही मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी रायफलीनं एक काळवीट मारलं. गोळी मऊ तोंडाची होती, आत जाऊन फुलली. पुढचा सगळा भाग लगदा झाला, मांसात हाडांचा चुरा आणि केस. वाटे करायला बसलेले गडी हसले. एक जण म्हणाला, "मालक, पुढच्या टायमाला गोळीच वाटा, हरीण ऱ्हाऊ द्या." दादांना ते फार लागलं. त्यांनी सोलापुराहून कडक तोंडाच्या गोळ्या मागवल्या. त्या फुलत नाहीत, आरपार जातात. मांस शाबूत राहतं. गडी हसायचे थांबले, आणि गोळी जनावराच्या पलीकडं कुठं जाते हे कुणी विचारलं नाही.

करीच्या दिवशी हाका ठरला, कारण डुकरं माझाच शाळू मोडत होती. निघायच्या आधी मी सगळ्यांसमोर दादांना म्हणालो की रायफल घरी ठेवा, माझी बंदूक तुम्ही घ्या, मी काठी घेऊन हाक्यात राहतो. त्यांनी फुंकणीचा विनोद पुन्हा केला. मग मी तरी का गेलो, असं मला पुढं विचारलं गेलं. शेत माझं होतं. मी घरी बसायचं आणि दुसऱ्यांनी माझ्या शेतात डुकरं हाकायची, हे मला जमलं नसतं.

नाल्याच्या बाभळीतून एक मोठा सुळेवाला निघाला. दादा बांधावर उभे होते. त्यांनी सरळ आडवी गोळी घातली. डुक्कर जागीच पडलं. छान नेम होता, ते नाकारत नाही. आम्ही तिथंच वाटे केले, पळसाच्या पानांत बांधले आणि आपापल्या घरी गेलो. माझ्या घरी चुलीवर रस्सा चढला, आम्ही जेवलो. त्यानंतर नाल्यापलीकडून ओरडत माणूस आला.

गोळी डुकरातून निघून, नाला ओलांडून, पलीकडच्या विहिरीवर गेली होती. तिथं गव्हाला पाणी देण्यासाठी मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली येत होते आणि तो शेतकरी नाड्यावर, म्हणजे मोट ओढणाऱ्या दोरावर, बसलेला. गोळी डाव्या बैलाच्या फऱ्यात, खांद्याच्या मांसात, घुसली. बैल गुडघ्यावर आला, भरलेल्या मोटेनं जोडी मागं ओढली, माणूस उडून कडेला पडला. संध्याकाळपर्यंत बैल मेला.

पारावर पंचांनी सरळ हिशेब मांडला. बैलाचे तीनशे, वाटे बारा, माणशी पंचवीस. त्या काळी आमच्याकडं गड्याला दिवसाला रुपया-सव्वा रुपया मिळायचा. गडी खाली बघत होते. बोलायची त्यांना सोय नव्हती, त्यातले निम्मे दादांच्याच शेतात कामाला होते.

मी म्हणालो, मी देणार नाही.

माली पाटलांनी विचारलं, "वाटा खाल्ला का न्हाय तुमी?"

"खाल्ला."

"मग?"

"तोटा शिकारीचा असता तर दिला असता. हा तोटा रायफलीचा हाय. रायफल एकाची हाय."

दादा हसले. म्हणाले, "आता रायफलीवर आला. मऊ गोळीनं मांस वाया जातंय म्हणून घरोघर कोण सांगत फिरला? तूच ना? तुझ्यासारख्याचं ऐकून तर गोळी बदलली म्या."

"मी बंदूक बदला म्हणालो होतो, दादा. गोळी बदला म्हणालो न्हाय."

पंचांपैकी एक जण समजुतीनं म्हणाले की घरातलं भांडण पारावर नको, पंचवीस रुपये तुम्हाला काही जड नाहीत. खरं होतं. मला जड नव्हते. पण मी पंचवीस ठेवले असते तर त्या दहा जणांनाही ठेवावे लागले असते, आणि रायफलीचा सगळा भार बारा ठिकाणी वाटून पुढच्या हाक्याला ती पुन्हा बांधावर उभी राहिली असती.

मग मी ते बोललो, ज्यासाठी दादांनी पुढं दोन वर्षं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. "बैलाच्या मागं नाड्यावर हा माणूस बसला होता. दोन हात अंतर. गोळी ह्याला लागली असती तर ह्याचे बी बारा वाटे केले असते का?"

त्यावर तो शेतकरीच बोलला, आणि माझ्यावरच चिडून. "तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठिवा, आण्णा. मला बैल पायजे. गहू ओंबीवर आलाय. पैसे कुणाचे का असनात."

त्याचं बरोबर होतं. मी अडून बसलो तर मार त्याच्या गव्हाला बसणार होता. मी त्याला म्हणालो, माझ्या दावणीचा एक बैल आत्ता सोडून ने, तुझ्या बैलाचा निकाल लागेपर्यंत वापर. त्यानं तो नेला. त्यावर दादा म्हणाले, "बघा, हाय का न्हाय पैसा ह्याच्याकडं." मी म्हणालो की बैल उसना देतोय, दंड देत नाही.

मी नाही म्हटल्यावर एका गड्यानं कनवटीतून काढलेले पैसे परत कनवटीला लावले. मग दुसऱ्यानं. पाटलांनी बैठक उठवली.

पुढं मला पुष्कळ ऐकावं लागलं. भावकीत म्हणाले, रिवाज मोडला. मी रिवाज मोडला नाही. रिवाज ज्यांनी घातला त्यांच्याकडं कुत्री, भाले आणि ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांचा तोटा नाल्याच्या अलीकडंच राहायचा. आमच्या मुलखात डोंगर नाही की दाट झाडी नाही, नजर टाकाल तिथं कुणाची तरी मोट, कुणी मेंढरंवाला, कुणी खुरपणाऱ्या बायका. इथं बंदूक जनावर बघून घ्यायची नसते, जनावराच्या मागं काय आहे ते बघून घ्यायची असते. मोठी रायफल वाईट असते असं मी कधीच म्हटलं नाही. गव्याच्या रानात ती ठीक असेल. सशा-हरणांच्या शिवारात ती जास्त आहे, आणि जे जास्त आहे ते दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडतं.

माझा बैल त्या शेतकऱ्याकडं गहू निघेपर्यंत होता. वाळून परत आला, पण आला. तो शेतकरी माझ्याशी नीट बोलायला लागला असं मात्र नाही. आजही रामरामापुरताच.

दादांनी माझं म्हणणं कधी कबूल केलं नाही. त्यांनी एवढंच केलं की गहू निघाल्यावर एका बाजारच्या दिवशी ते स्वतः बाजाराला गेले, आणि येताना पांढरा खिलार बैल घेऊन आले. तो पारावरून चार माणसांच्या देखत त्या शेतकऱ्याकडं नेला आणि म्हणाले, "म्या कुणाच्या पंचविसावर जगत न्हाय." ठीक आहे. तसंच म्हणा.

बैलाचे दोनशे ऐंशी रुपये बाजारात विकणाऱ्याला दिले, आणि वरचे वीस त्या शेतकऱ्याच्या हातात. तीनशेच्या तीनशे दादांनी. दहा गड्यांनी एक पैसा दिला नाही. मीही नाही.