बाळांच्या साबणाची टाकी

डोंबिवलीच्या एमआयडीसीत अंगाला लावायचे पातळ साबण बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. नंदाताई तिथे अठरा वर्षं माल भरण्याचं काम बघतात. शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. सकाळी आल्या की टाकीला नमस्कार करायचा, आणि बाटल्या भरण्याआधी थोडा माल स्वतःच्या हाताला चोळून बघायचा, हा त्यांचा शिरस्ता. लोकांच्या लेकरांना लावायचं ते आधी आपल्याला सोसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्या गुरुवारी टाकीत तान्ह्या बाळांचा साबण होता. ताईंनी तो चोळला. हात तीनदा धुतला, तरी बुळबुळ जाईना. मनगटही चुरचुरायला लागलं.

"कृतिका मॅडम, हा माल भरायचा नाही."

कृतिका नवी केमिस्ट, ठाण्याहून यायची. "अहो ताई, यात डेसिल ग्लुकोसाइड आहे. नारळ-मक्यापासून बनतं. याच्याइतकं सौम्य दुसरं नाही."

"असेल हो. पण चुन्याच्या निवळीत हात घातल्यासारखं झालंय."

मालक महेंद्रशेठ बाहेरून आले. "ताई, टेम्पो उभा आहे. माजिवड्याचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच माल घेतंय. आज नाही गेला तर ते परत विचारणार नाहीत."

"मग माल पास केल्याच्या कागदावर सही तुम्ही करा शेठ. आणि नातीला आज याच साबणाने अंघोळ घाला."

शेठनी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं. कृतिकाने पीएच तपासायची पट्टी टाकीत बुडवली. पट्टी गर्द निळी झाली, म्हणजे माल भलताच अल्कली होता.

"ताई, चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली. "जुना व्यापारी त्या ग्लुकोसाइडमध्ये आधीच आम्ल घालून द्यायचा. यावेळचे ड्रम नव्याकडचे. हा कच्चाच देतो, आणि कच्चं असलं की हे चांगलंच अल्कली असतं. मी आम्लाचं प्रमाण जुनंच धरलं. पट्टी लावायचंही राहिलं."

"चूक टाकीतच सापडली, देवाची कृपा. बाटलीत सापडली असती तर? मोठं माणूस तक्रार तरी करतं. बाळ नुसतं रडतं. चला, काय घालायचं ते सांगा."

सायट्रिक आम्लाचं पाणी ताई बारीक धारेने सोडत राहिल्या. कृतिका घडीघडी पट्टी बुडवत होती. फेस चढू नये म्हणून ढवळणं अगदी संथ. टेम्पो रिकामाच गेला. शेठनी माजिवड्याला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि तिकडची बोलणी मुकाट ऐकून घेतली.

"उद्या दुपारपर्यंत द्या म्हणतायत," फोन ठेवून ते म्हणाले.

तोवर पट्टी साडेपाचावर, म्हणजे कातडीला सोसेल अशा पीएचवर आली होती. ताईंनी माल पुन्हा चोळला, हात धुतला. एका पाण्यात हात मोकळा झाला. त्यांनी कागदावर सही केली आणि बायकांना बाटल्या मांडायला सांगितल्या.