लढाईत मी नगरला होतो

डिसेंबरातली लढाई झाली तेव्हा मी नगरला होतो. छावणीतल्या वर्कशॉपात लष्करी ट्रक दुरुस्त करणं हे माझं काम. उभ्या नोकरीत मी इंजिनं उतरवली, गिअरबॉक्स जोडले, आणि लढाईच्या दिवसांत तेच काम रात्रंदिवस केलं. पुढच्या उन्हाळ्यात पेन्शनीत निघून पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो, तर वेशीत हलगी घेऊन माणसं उभी. सरपंचांनी हार घातला. मी त्यांना तिथेच सांगितलं, "मी सरहद्दीवर नव्हतो. नगरलाच होतो."

"फौजी त्यो फौजी," ते म्हणाले आणि हलगीवाल्याला खूण केली.

आमच्या गावचा एक मुलगा त्या लढाईत कामी आला होता. वस्तीवरचा, माझ्याहून बराच लहान. त्याच्या वडलांना सगळे तात्या म्हणत. तेही त्या दिवशी वेशीत आले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला हात काढून घ्यावासा वाटत होता.

त्या साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार करायचा आणि वेशीतली जुनी तोफ उडवून त्यांना सलामी द्यायची, असं पंचायतीत ठरलं. तोफ गढीच्या बुरुजावरून कधीकाळी खाली आलेली, तोंड मातीत रुतलेलं. बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालायच्या. ती नीट करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

"मला तोफेतलं काही कळत नाही," मी सरपंचांना म्हणालो. "मी ट्रकचा मेकॅनिक."

"ह्यो तुमचा मोठेपणा झाला," ते म्हणाले.

बैल जुंपून तोफ लिंबाखाली ओढून आणली. नळीत माती, चिंचोके, पोरांच्या गोट्या. रॉकेल ओतून मुरू दिलं, मग तारेच्या ब्रशाने आणि विटेच्या भुकटीने गंज घासत बसलो. बत्ती द्यायचं भोक पार बुजलं होतं, ते लोहाराने सळईने मोकळं केलं. सुताराने बाभळीचा गाडा केला. ते दिवस मला बरे गेले. हात चालू असले की लोक आपल्याबद्दल काय म्हणतात ते कानावर येत नाही.

पावसाने दडी मारली होती, शेतात काम नव्हतं. तात्या दुपारी येऊन लिंबाच्या बुंध्याशी बसत. एक दिवस त्यांनी विचारलं, "आसल्याच तोफा हुत्या का तिकडं?"

"नाही तात्या. आताच्या तोफा लांब नळीच्या असतात."

"पोरगं तोफंच्या गोळ्यानं गेलं म्हनत्यात. आधी आवाज येतो का रं? मान्साला कळतं का, आपल्यावर आलाय म्हनून? तू तिकडं हुतास, म्हनून इचारतो."

माझ्या हातात तेलाची चिंधी होती. ती मी खाली ठेवली. "तात्या, मी तिकडं नव्हतो. लढाईभर नगरला होतो. आलो त्याच दिवशी सरपंचांना सांगितलं होतं, पण हलगीच्या गडबडीत बाकी कुणाला ऐकू गेलं नाही."

"नगरला? आपल्या नगरला?"

"व्हय."

ते तोफेकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. "तार आली तवा गावात फौजेतलं कुनीच नव्हतं," ते म्हणाले. "मास्तरांनी वाचली आन गप बसले. काय इचारावं, कुनाला इचारावं, कायबी कळंना. तू नगरला हुतास व्हय."

सुट्ट्या बंद होत्या, गेटबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, हे मी सांगितलं. ते खरंच होतं. त्यांनी मानही डोलावली. पण सकाळी नगरहून एसटीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी पोचतो, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझी काही चूक नव्हती, तरी त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

संध्याकाळी मी सरपंचांकडे गेलो. म्हणालो, "माझ्याबद्दल खरं तेच सांगा. नाहीतर माझं नाव गाळा. आणि तात्यांना चौथऱ्यावर खुर्ची द्या."

सरपंच माणूस वाईट नव्हता. "नाव गाळलं तर लोक इचारतील, का गाळलं. आन सत्कार माजी सैनिकांचा हाय. तात्यांचं येगळं करू कायतरी."

पंधरा ऑगस्टला मी आणि शेजारच्या गावांतून बोलावलेले दोघे माजी सैनिक चौथऱ्यावर बसलो. लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं, शत्रूच्या तोफांसमोर छाती काढून उभे राहिलेले आपले वीर. शाल पडली, नारळ मिळाला, टाळ्या झाल्या. बायकांच्यात बसलेली माझी बायको खाली बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तात्या गर्दीत मातीवर बसले होते.

मग मी उतरून तोफेपाशी गेलो. जुनी नळी तडकेल या भीतीने दारू मी बेताचीच भरली होती. पहिल्यांदा नुसता धूर निघाला आणि पोरं हसली. भोकात कोरडी दारू घालून पुन्हा बत्ती दिली, तेव्हा बार झाला. कावळे उडाले, लोकांनी जयजयकार केला. तो ओसरल्यावर तात्या उठले, गर्दीतून वाट काढत आले आणि तोफेवर हात ठेवला.

"एवढाच आवाज आसतो व्हय?"

"दारू कमी होती, तात्या. तिकडचा मोठा असणार. मला ठाऊक नाही, मी तिकडं नव्हतो."

आता सगळं शांत होतं, पुढच्या रांगांना स्पष्ट ऐकू गेलं. कुणीतरी खाकरलं. सरपंचांनी घाईघाईने पोरांना गोळ्या वाटायला सांगितल्या. तात्या जागेवर जाऊन बसले.

पुढच्या वर्षी त्यांना वर बोलावलं. "हितनं दिसतंय की," म्हणून ते खालीच राहिले. मला मात्र वर बसावं लागलं, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं गेलं. एव्हाना साऱ्या गावाला खरं माहीत होतं, तरी सरपंच बदलले आणि वाक्य बदललं नाही. दरवर्षी ते ऐकताना माझी नजर गर्दीत तात्यांना शोधायची आणि ते दिसले की खाली जायची.

रस्त्यात भेटले की ते थांबत, पोराबाळांची चौकशी करत, पावसापाण्याचं बोलत. फौजेतलं मात्र त्यांनी मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.