काकांच्या मापाचा हेडसेट

नवरा, लेक आणि मी अमरावतीला लेकीसाठी वैमानिकाचा हेडसेट घ्यायला गेलो. विक्रेत्याने खोकं उघडलं, कानांच्या गाद्यांचा रबरी वास आला आणि माझं डोकंच तापलं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी विमान चालवायला शिकत होते. अकोल्यात एका वैमानिकाचा जुना हेडसेट घ्यायचा होता. सोबत आलेल्या काकांनी टोपी काढून तो स्वतःच घातला.

"मस्त बसला! घेऊन टाक."

"काका, मले तं घालू द्या."

"काहून? तुयं डोकं येगळं हाय का?"

शेवटी तोच घेतला. पुढे सरावाच्या उड्डाणात तो सैल हेडसेट घसरला, प्रशिक्षकांची सूचना ऐकू आली नाही आणि माझं पहिलं एकटीचं उड्डाण रद्द झालं.

आज विक्रेत्याने हेडसेट माझ्या नवऱ्यापुढे धरला. मी तो हिसकावलाच.

"विमान ती चालवणार आहे. तिला घालू द्या!"