आजीचं लुगडं आणि शेठजींची मोटार

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. परवा पुतण्याने नवी गाडी घेतली आणि फोनवर विचारलं, "काका, घरीच धुवून पॉलिश कशी करायची?" मी सगळं सांगितलं. मी ज्या कापडावर हे शिकलो ते कुणाचं होतं, तेवढं गिळलं. ते त्याच्या आईशी, म्हणजे माझ्या वहिनीशी, जोडलेलं आहे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी नरडाण्याजवळचं गाव सोडलं. जळगावच्या एका मारवाडी शेठजींकडे मोटार धुवायचं काम मिळालं होतं. त्यांचे ड्रायव्हर आबा यांचा निरोप होता, येताना घरचं जुनं मऊ सुती कापड आण. निघायच्या गडबडीत मायच्या पेटीतून हाताला लागलं ते सगळ्यात मऊ लुगडं मी विचारल्यावाचून उचललं. वहिनी शिदोरी बांधत होती. तिने पाहिलं. पिशवी माझ्या हाती देत हळूच म्हणाली, "जपीसन वापरजो, भाऊ."

पहिल्याच दिवशी आबांनी माझ्या हातातला धुण्याचा सोडा हिसकावला. "अरे, ही मोटार आहे, तुझं धोतर नाही! रंग जाईल!" मग शिकवलं. गाडी सावलीत घ्यायची, बोनेट गार होऊ द्यायचं. आधी नुसतं पाणी ओतून धूळ उतरवायची, नाहीतर तीच धूळ ओरखडे काढते. मग साध्या साबणाचं पाणी, टपापासून खाली. फडकं खळबळायला वेगळी बादली, चाकांना वेगळं फडकं. पाणी टिपून गाडी पूर्ण कोरडी झाली, की डब्यातलं मेण अगदी पातळ लावायचं, एका वेळी एकच भाग. ते धुरकट दिसू लागलं की मऊ कापडाने पुसून काढायचं. नवशिके मेण थापतात आणि मग दुपारभर घासत बसतात. मीही बसलो.

लुगड्याचे तुकडे करून मी ती काळी ॲम्बॅसॅडर अशी चमकवली की शेठजींनी बोनेटमध्ये बघून टोपी सारखी केली. नोकरी पक्की झाली. पुढे आबांनी स्टिअरिंग हाती दिलं. जळगावात घर झालं, मुलं शिकली. या शहराने मला खूप दिलं.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तेव्हा घरात भांडण पेटलेलं. बहिणीच्या बाळंतपणासाठी गोधडी शिवायला मायने पेटी उघडली होती.

"मन्ही मायनं लुगडं व्हतं ते! बोहारीणले दी टाकं ना तू? तेना बदलामा पातेलं लिधं व्हई!" माय वहिनीवर ओरडत होती.

"नही वो माय, मी हातबी नही लावा," वहिनी म्हणाली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

मी समोर बसून पुरणपोळी खात होतो. एक शब्द बोललो असतो तर माय चार शिव्या देऊन गप्प झाली असती. पण नव्या नोकरीचा, नव्या शर्टाचा मान होता. मी पोळीचा पुढचा घास तोडला. त्या दिवसापासून पेटीची किल्ली मायच्या कमरेला गेली आणि घरचं बाहेर देणारी हे नाव वहिनीला चिकटलं. माय गेली तरी ते गेलं नाही. काही हरवलं की बायका हसून तिच्याकडेच बघत. आणि मी निघालो की ही बाई दर वेळी माझ्या पिशवीत डाळ, पापड, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ भरत राहिली.

माझं गाव म्हणजे आता ना ते घर, ना शेत. माझ्यासाठी गप्प राहिलेलं एक माणूस, एवढंच.

शेवटी वहिनी धुळ्याला लेकाकडे असताना मी ठरवूनच गेलो. तिला ऐकू येईनासं झालं होतं. मोठ्याने बोलावं लागलं असतं, आणि खोलीत सुना, नातवंडं, शेजारणी. मी तिच्या कानाशी वाकून पुटपुटलो, "वहिनी, ते लुगडं मी लयेल व्हतं."

"काय म्हनस, भाऊ? जोरमा बोल ना."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काही नही," मी ओरडून म्हणालो. "तब्येत बरी शे ना?"